आत्याचे बोट

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या दोन्ही पायांवर डोके ठेवून नमस्कार. डावा गुडघा दुखतो हे माहीत असल्यामुळे त्या बाजूला डोके अलगद ठेवले आहे, आणि तू रागावली आहेस हेही माहीत असल्यामुळे ते लगेच उचललेले नाही. गुडघ्याला लावायचे तेल संपले असेल तर कळवणे. ताईची पाठ कशी आहे? भावोजींचा दात काढला की अजून त्याच्याशी बोलणी चालू आहेत? इकडे मी ठीक आहे. जेवण वेळेवर होते, आणि गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत जाण्याचे प्रमाण पुष्कळ कमी झाले आहे. (हल्ली खालच्या पायरीवरून परत जातो. म्हणजे सुधारणा आहे.)

परवा ताईशी फोनवर बोलत होतो तेव्हा मागून तुझा आवाज ऐकू आला, "त्याला म्हणावं, मी अजून मेले नाही!" त्यावरून शेजारच्या काकूंनी तुला पुतळ्याचे कळवले आहे हे मला समजले. मी स्वतःच कळवणार होतो. पण असे विषय बोलताना माझी जीभ अडखळते, लिहिताना मात्र अडखळत नाही, कारण लिहिलेले खोडून पुन्हा नीट उतरवता येते. नववीत शाळा सुटली तरी मी शुद्धलेखन सुटू दिलेले नाही, एवढे पाहून तरी राग थोडा कमी करावास. जिवंत माणसाचा पुतळा करू नये हे मला मान्य आहे. पण हा तुझा पुतळा नाही. हा सामानाचा पुतळा आहे, तू फक्त तिथे उभी राहून ते मोजते आहेस. सगळे पहिल्यापासून सांगतो. चष्मा लावून स्वतः वाच. ताईला वाचायला सांगितलेस तर ती मध्येच हसेल आणि तुझा राग नको त्या ठिकाणी वाढेल.

बसच्या अड्ड्यासमोरचा चौक तुला आठवत असेल. आपण या शहरात पहिल्यांदा उतरलो तोच. तिथे मधोमध जो रिकामा कट्टा होता, त्यावर काहीतरी बसवायचे नगरपालिकेने ठरवले. हे शहर बाहेरून आलेल्या लोकांनी उभे केले, तेव्हा त्यांच्या येण्याचे एक शिल्प असावे, असा ठराव झाला. त्यासाठी समिती नेमली. समितीत एक अध्यक्ष, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि बाकीचे मान डोलावणारे. शिल्पाचे काम एका शिल्पकार बाईंना मिळाले आणि ओतकाम आमच्या कारखान्याला. (माझे काम तेच आहे. ब्राँझचा पुतळा सबंध ओतत नाहीत, तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि मग जोडतात. कोणता तुकडा कुठला याचे नंबर मी घालतो. आमचे मिस्त्री म्हणतात, दुसऱ्या कोणाच्या हाती हे काम दिले तर घोड्याला माणसाचा कान लागेल.)

बाईंनी आधी जे चित्र काढून आणले त्यात एक पुरुष होता. छाती पुढे, केस वाऱ्यावर, नजर फार लांब कुठेतरी. समितीला तो अतिशय आवडला होता. मिस्त्रींनी चित्र हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले आणि विचारले, "हा गावात आलाय की गावातून पळालाय? सामान कुठंय याचं?" मिस्त्रींचा स्वभाव तुला माहीत आहे, मला वाटले आता काम हातचे गेले. पण बाई हसल्या आणि बसायला स्टूल मागितले. मग चहा आला. आमच्या कारखान्यात सगळेच कुठून ना कुठून आलेले, तेव्हा बाईंनी एकेकाला विचारायला सुरुवात केली की तुम्ही या शहरात उतरलात तेव्हा सगळ्यांत आधी काय केलेत? त्यांना वाटले असावे की कोणी आकाशाकडे बघितले असेल, कोणी मातीला हात लावला असेल. भट्टीवाला म्हणाला, सामान मोजलं. साचेवाला म्हणाला, सामान मोजलं, एक पिशवी कमी भरली, ती बायकोच्या काखेत होती. कानस म्हणाली, आईने सामान मोजले आणि तिने चपला मोजल्या. (कानस म्हणजे आमच्याकडे जोडकामावर कानस चालवून ते गुळगुळीत करणारी मुलगी. कानसही तिच्या हाती असते आणि जीभही त्याच जातीची आहे, म्हणून सगळे तिला तसेच म्हणतात. तिचा उल्लेख पुढे येणार आहे म्हणून सांगितले, एरवी कारण नव्हते.) मिस्त्री म्हणाले, "मी आधी आडोसा शोधला. सामान मग मोजलं."

मी शेवटी होतो. मला बोलायचे नव्हते. पण कानस म्हणाली, "याला विचारा, हा रोज पायऱ्या उतरताना स्वतःला मोजतो." मग सगळे हसले, मी लाल झालो आणि तोंडातून तुझी गोष्ट निघून गेली. आई-बाबा गेल्यावर तू मला आणि ताईला घेऊन इथे कशी आलीस, अड्ड्यावर उतरल्या उतरल्या ताईला कशी तांब्या देऊन नळावर पाणी आणायला पिटाळलेस, मला ट्रंकेवर बसवून "हललास तर बघ" असे कसे म्हणालीस आणि मग कमरेवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताच्या बोटाने सगळे सामान कसे मोजलेस. लोक दोन्ही बाजूंनी जात होते, एक हमाल ओरडत होता, आणि तू जणू आपल्या स्वयंपाकघरात उभी होतीस. मोजून झाल्यावर म्हणालीस, "सात. चला." बाईंनी चहा तसाच ठेवला. म्हणाल्या, "ही. हीच." आणि त्या पुरुषाच्या चित्राच्या पाठीमागे तिथल्या तिथे तुला काढायला बसल्या.

यात माझी चूक कुठे झाली ते मला अजून सापडलेले नाही. आता तू ताईकडे होतीस, इकडे नव्हतीस, म्हणून बाईंनी मलाच तुझ्या जागी उभे केले. खुंटीवर राहिलेली तुझी तपकिरी शाल मी घरून आणली (धुऊन पुन्हा घडी घालून ठेवली आहे, काळजी नसावी) आणि ती अंगावर घेऊन, कमरेवर हात, बोट पुढे, असा मी मातीचे काम चालू असेपर्यंत उभा राहत असे. भट्टीवाला जाता-येता मला "आत्याबाई, नमस्कार" म्हणे. कानस म्हणाली, "एवढा घाबरत घाबरत मोजशील तर सामान आपण होऊन निघून जाईल. आत्या अशी होती का?" मी म्हणालो, अजिबात नाही. "मग ओरड की!" मी बोट रोखून "हललास तर बघ" असे ओरडलो. नेमके त्याच वेळी समितीचे अध्यक्ष दारातून आत येत होते. ते जागच्या जागी थांबले. तेव्हापासून ते माझ्याशी बोलताना जरा अदबीने बोलतात. चेहरा मात्र तुझा आहे. तुझा तो फोटो मी बाईंना दिला होता, ज्यात तू फोटोग्राफरला हातातली पिशवी नीट धर म्हणून सांगते आहेस. बाई म्हणाल्या, असा चेहरा मनाने करता येत नाही.

आणि ताईने तक्रार केली आहे की मला का घेतले नाही. तर ताई त्या वेळी नळावर गेलेली होती आणि शिल्प त्या क्षणाचे आहे. याला माझा इलाज नाही. मी मात्र त्यात आहे. ट्रंकेवर बसलेलो आहे, गुडघे जवळ घेऊन. बाईंनी मला फार लहान आणि फार भेदरलेला दाखवला आहे. मी तसे बोलून दाखवले तेव्हा मिस्त्री म्हणाले, "लहानपण सोडलं तर बाकी अगदी बरोबर आहे."

समिती मातीचे काम बघायला आली तेव्हा अध्यक्ष बराच वेळ तुझ्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले की सगळे उत्तम आहे, फक्त बोट खाली का? भविष्य वर असते. बाई म्हणाल्या, "सामान खाली असतं." अध्यक्षांनी मुख्याध्यापकांकडे पाहिले. मुख्याध्यापकांनी वर पाहिले. थोडा वेळ तुझे बोट वर करावे की खाली असावे यावर चर्चा झाली आणि मला घाम फुटला, कारण बोट वर केले असते तर तू पाऊस येतो का ते बघते आहेस असे वाटले असते. शेवटी ठरले की बोट बाईंच्या मनासारखे खाली राहील आणि खालच्या दगडावर कोरायचे वाक्य मुख्याध्यापकांच्या मनासारखे होईल. सगळे खूश झाले. मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "नग किती होते रे?" मी सांगितले, सात. कारण जन्मभर मी तेच ऐकत आलो होतो. घर बदलताना, ताईच्या लग्नाला जाताना, काकूंशी भांडताना, तू एकच म्हणायचीस, सात नग मोजून आणले आणि सात नग मोजून उभे केले. त्यांनी ते लिहून घेतले आणि दगडावर कोरले गेले: "सात नग आणि अगणित स्वप्ने घेऊन ती आली." (अक्षर सुरेख आहे. 'अगणित' मधला ण मी स्वतः जाऊन पाहिला.)

आता मुख्य संकट. शिल्प ओतून, जोडून, घासून चौकात नेऊन बसवले आणि वर कापड झाकले. अनावरणाची तारीख ठरायची होती. एका सकाळी वाऱ्याने कापड उडाले आणि ते पुन्हा बांधेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवरच्या लोकांना फुकटात दर्शन झाले. आत्या, दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी चेहरा बघितला असता, शालीच्या घड्या बघितल्या असत्या. पण इथे निम्म्या लोकांचे आयुष्य अड्ड्यावर उतरण्यापासून सुरू झालेले. त्यांनी दगड वाचला आणि मान खाली घालून सामान मोजायला घेतले. ट्रंक. वळकटी. स्टोव्हची पिशवी. पाण्याची कळशी. गोणपाटात बांधलेले शिलाई मशीन. छत्र्यांचा जुडगा. सहा! टपरीवाल्याने पुन्हा मोजले. रिक्षावाले उतरून आले आणि त्यांनी मोजले. कळशीचे झाकण वेगळे धरावे काय यावर दोन गट पडले. दुपारपर्यंत शहरभर झाले की सातवा नग ओतारी लोकांनी वितळवून खाल्ला.

मिस्त्रींना हे लागले. इतकी वर्षे त्यांनी ओतकाम केले, देवळाच्या घंटेपासून नळाच्या तोटीपर्यंत, पण ब्राँझचा तुकडा कधी इकडचा तिकडे झाला नाही. टपरीवाल्याने त्यांना चहा देताना "साखर सात चमचे ना?" असे विचारले. ते चहा न पिता परत आले आणि भट्टीकडे पाठ करून बसले. मिस्त्री न ओरडता बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले आणि मला ओरडण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटली. त्यातच अध्यक्ष आले. म्हणाले, सातवा नग बसल्याशिवाय अनावरण होणार नाही, लोक अंगावर येतील. मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "सात यानं आणले. यालाच विचारा." तुकड्यांवर नंबर घालणारा मी, सात सांगणारा मी, आणि आकडा चुकणाराही मीच. त्या क्षणी मला ट्रंकेत जाऊन बसावेसे वाटले. (ती भरीव नाही, पण झाकण उघडत नाही.)

मग जो तो सुचवू लागला. भट्टीवाला म्हणाला, आपल्याकडे एक ब्राँझची बादली पडून आहे, ती ठेवून देऊ. बाई म्हणाल्या, बादली ठेवलीत तर मी तिच्यात बसून उपोषण करीन. मुख्याध्यापक म्हणाले, सातवा नग म्हणजे आशा, ती दिसत नाही. अध्यक्ष म्हणाले, टपरीवाल्याला हे तुम्ही सांगा. पाथरवटाला बोलावून 'सात'चे 'सहा' करता येईल का असे विचारले, तर तो म्हणाला, खोदलेलं आणखी खोदता येतं, बुजवता येत नाही. फार तर सातशे करून देतो. मी कोपऱ्यात उभा राहून आठवत होतो. आणखी काय होते? पाट? तो नंतर घेतला. घड्याळ? ते काकूंनी दिले. तुला फोन करावा असे शंभरदा मनात आले, पण मग पुतळ्याचे सांगावे लागले असते.

तेव्हा कानस हातातले काम ठेवून उठली. म्हणाली, "नुसता आठवू नकोस. चौकात चल आणि आत्या मोजायची तसं मोजून दाखव." मी म्हणालो, लोक बघतील. ती म्हणाली, "बघायलाच तर ठेवलंय ते तिथं." सगळेच निघाले. कापड सोडले. टपरी उठून आली. मी कट्ट्यावर चढलो आणि तुझ्या शेजारी, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. (शाल नव्हती.) मी बोट पुढे केले. ट्रंक, एक. वळकटी, दोन. स्टोव्ह, तीन. कळशी, चार. मशीन, पाच. छत्र्या, सहा. आणि आत्या, मी थांबलो नाही. माझा हात आपण होऊन पुढे गेला, ट्रंकेवरच्या त्या भेदरलेल्या पोराच्या टाळूवर बोट टेकले आणि माझ्याच तोंडून निघाले, "सात. चला."

ते बोट मला आठवत होते. प्रत्येक अड्ड्यावर, प्रत्येक फलाटावर, शेवटी माझ्या टाळूवर टक् करून वाजायचे ते. मला जन्मभर वाटत आले की ते 'गप्प बस' असे आहे. म्हणून मी गप्प बसत आलो. तू मला मोजत होतीस हे मला त्या कट्ट्यावर कळले. कारखान्यात तुझ्या जागी उभा होतो तेव्हा समोर ट्रंकेवर पोर नव्हते, म्हणून कळले नव्हते.

मग टपरीवाला म्हणाला, "आमची म्हातारी कानाला धरून मोजायची." रिक्षावाला म्हणाला, त्याची आई आधी पोरे मोजायची आणि मग सामान, कारण पोरे जास्त होती. मग एकच गलका झाला, जो तो आपल्या टाळूचे, कानाचे आणि दंडाचे सांगू लागला. अध्यक्ष म्हणाले, मला हे पहिल्यापासून माहीत होते. मुख्याध्यापक म्हणाले, म्हणजे आशाच की! बाई कट्ट्याच्या कडेला बसून डोळे पुसत होत्या आणि म्हणत होत्या की नकळत का होईना, पण नग सातच केले. टपरीवाल्याने मिस्त्रींना चहा आणून दिला. मिस्त्रींनी तो प्यायला, कप परत दिला आणि म्हणाले, "साखर कमी होती." तेव्हा मला कळले की सगळे ठीक झाले. परत येताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कारखाना येईपर्यंत ठेवून होते. हात जड आहे, पण मी खांदा काढून घेतला नाही.

तर आत्या, हे असे झाले. अनावरण येत्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आहे, सकाळी. बाई म्हणाल्या, जिचे बोट आहे तिने कापड ओढावे. अध्यक्षांना स्वतः ओढायचे होते, पण ते तुला घाबरतात. (तुला म्हणजे मला शाल घेतलेले पाहिल्यापासून.) तू यावेस. खोली झाडून ठेवली आहे. तुझी खाट खिडकीपाशी घेतली आहे. राग असेल तर तोही घेऊन ये, इथे येऊन काढ, फोनवर पुरता निघत नाही.

ताईला व भावोजींना नमस्कार. दाताचे अवश्य कळवणे.

तुझा,
ट्रंकेवर बसलेला

ता. क. बस त्याच चौकात थांबते. उतरल्यावर तू सामान मोजशीलच. मोज, पण पुतळ्याच्या अगदी समोर उभी राहून मोजू नकोस, तो कापडाखाली असला तरी टपरीवाल्यांना पाठ आहे, ते दोघींकडे आळीपाळीने बघत बसतील आणि मग तू त्यांना काहीतरी बोलशील.

ता. क. २. ताईसाठी बाईंनी ओल्या सिमेंटात कट्ट्याच्या मागच्या बाजूला एक छोटा तांब्या उमटवला आहे. ती नळावर गेलेली आहे हे त्यावरून कळते. ताईने आता तक्रार करू नये.

ता. क. ३. तू माझ्यासाठी जे स्थळ बघून ठेवले आहेस त्यांना एवढ्यात काही कळवू नकोस. झाले असे की त्या दिवशी चौकातून परतताना कानस म्हणाली, "सातावर थांबायचं असं दगडात कोरलंय, का आठ चालतील?" मी उत्तर दिले नाही, कारण मला वाटले आधी तुला विचारावे. (हे विचारण्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो, वाटेत पुतळा आला.) रविवारी अड्ड्यावर तुला घ्यायला आम्ही दोघे येऊ. तुझे सामान मोजून झाले की तिलाही मोजशील का? ती म्हणते, डोके मी स्वतःच पुढे करीन. तुझे ब्राँझचे बोट तिनेच घासून गुळगुळीत केले आहे, त्यामुळे तिला त्याची भीती वाटत नाही. खरे बोट कसे लागते हे मी तिला अजून सांगितलेले नाही.